वेशीबाहेरचा माणूस राक्षस होतो का? अण्णाभाऊ साठेंनी दिलेलं उत्तर

१ ऑगस्ट जवळ आला की सीमाभागात चौकाचौकात फलक चढतात, हलगी कडाडते, अण्णाभाऊंच्या फोटोला हार पडतो. लोकशाहीर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला डफ, 'फकिरा'चा लेखक ही ओळख आपल्याला पाठ आहे. त्यांच्या लिखाणातल्या एका गोष्टीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. माणसाला वेशीबाहेर ठेवलं की पुढं त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या गॉथिक कादंबऱ्यांनी, म्हणजे पडके वाडे, थडगी आणि राक्षस यांच्या भयकथांनी, हाच प्रश्न आपल्या पद्धतीनं विचारला होता. तिथल्या लेखकांनी बहिष्कृत माणूस बाहेरून बघितला. अण्णाभाऊंनी तो आतून बघितला, कारण ते स्वतः त्याच बाजूला जन्मले होते.

महामार्गावरून आत वळलं की

निपाणीतून पुण्याच्या दिशेनं निघालं की कागल, कोल्हापूर, मग वारणा ओलांडून पेठ नाका, कासेगाव. तिथून आत वळलं की वाटेगाव. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट १९२० रोजी या गावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालूबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. पुढं जगानं त्याला अण्णाभाऊ म्हणून ओळखलं.

मांगवाडा म्हणजे गावाच्या वेशीबाहेरची वस्ती. गावाचं दोरखंड, दावी, कासरे वळायचे ते या वस्तीनं. केरसुण्या बांधायच्या, लग्नात नि जत्रेत हलगी वाजवायची, रात्री राखण करायची तीही यांनीच. म्हणजे बघा, गावाचा बैल ज्या दाव्याला बांधलेला, ते दावं चाललं. दावं वळणारा हात मात्र उंबऱ्याच्या आत चालत नव्हता. बहिष्काराची ही तऱ्हा आपल्याकडची खास. माणसाचं काम आत घ्यायचं आणि माणूस बाहेर ठेवायचा.

त्यावर इंग्रज सरकारनं शिक्का मारला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो देशभर लावता येऊ लागला. या कायद्यात माणसानं काय केलं याला महत्त्व नव्हतं, तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. अशा कित्येक जातीजमातींना पोलीस पाटलापुढं हजेरी द्यावी लागे. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. कुठं चोरी झाली की पहिली धाड यांच्याच झोपडीवर. साताऱ्याकडच्या मांग समाजानं ही हजेरी भोगली आणि अण्णाभाऊंच्या कानावर लहानपणी ज्या गोष्टी पडल्या त्या याच.

त्याच काळातली आपल्या गावची एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद निपाणीत भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आदल्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली होती आणि दोन वर्षांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू होणार होतं. बहिष्कृत हा शब्द लपवायचा नाही, उलट तोच पाटीवर लिहून हिशेब मागायचा, ही रीत त्या काळात घडत होती. निपाणीत ही परिषद भरली तेव्हा वाटेगावचा तुकाराम पाच वर्षांचाही नव्हता.

दीड दिवसाची शाळा

अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, असं म्हणतात. जातीवरून अपमान झाला, मार बसला आणि पोरगं शाळेबाहेर पडलं ते कायमचं. नंतर पोटासाठी १९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आईबाप, पोरं, बोचकी, सगळे पायी. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुढं सरकायचं.

मुंबईत अण्णाभाऊंनी काय काय केलं याची यादी मोठी आहे. हमाली केली, फेरीवाल्याबरोबर गाठोडं वाहिलं, गिरणीत झाडू मारला. आणि याच काळात ते वाचायला शिकले. कुठल्या वर्गात बसून नव्हे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, भिंतीवरच्या जाहिराती बघत, याला त्याला विचारत त्यांनी अक्षर जुळवलं. शहरानं दार उघडलं नाही म्हणून शहराच्या भिंतीच त्यांनी पाटी म्हणून वापरल्या.

इथं मला एका परदेशी कादंबरीतला प्रसंग आठवतो.

भिंतीच्या फटीतून शिकलेला

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी मेरी शेली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीनं एक भयकथा लिहायला घेतली. १८१८ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' छापून आली. आपल्याकडं फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचंच नाव समजतात, पण ते त्याला बनवणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचं नाव आहे. राक्षसाला कादंबरीत नावच नाही. बनवणाऱ्यानं त्याला डोळे उघडलेले बघितलं, घाबरला आणि पळून गेला. बारसंसुद्धा झालं नाही.

सिनेमातला राक्षस नुसता गुरगुरतो. कादंबरीतला तसा नाही. तो एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, पुढं वाचायलाही शिकतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. ते घर आपल्याला आत घेईल, अशी त्याला आशा असते. एक दिवस धीर करून तो घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यापुढं जाऊन बसतो. म्हातारा त्याला दिसण्यावरून जोखू शकत नाही, म्हणून माणसासारखा बोलतो. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीनं बदडून त्याला हाकलतो. त्या मारानंतर त्याच्या मनातला राग वाढत जातो आणि पुढं तो माणसं मारायला लागतो.

हे सगळं तो राक्षस स्वतः सांगतो, हे मेरी शेलीचं मोठेपण. राक्षस जन्मत नाही, दार बंद करणारे लोक त्याला घडवतात, हे तिनं स्पष्ट मांडलं. पुढच्या गॉथिक कथांत हे सूत्र पुन्हा पुन्हा येतं. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीतला पॅरिसच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा कुबडा क्वासिमोदो घ्या. त्याच्या घंटेवर शहराचा दिवस चालतो, पण त्याला बघून बायका तोंड फिरवतात.

आपल्या गावगाड्यातली भुतं तरी काय वेगळी? बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराचा मुंजा होतो. ज्यांना घरात, नात्यात पुरती जागा मिळाली नाही, त्यांना आपण मेल्यावर पिंपळावर नि शिवेवर बसवलं आणि मग त्यांना भ्यालो. आधी बाहेर काढायचं आणि नंतर बाहेरच्याची भीती घालायची, हा क्रम सगळीकडं सारखाच.

तर पाट्यांवरून अक्षर शिकणारा अण्णाभाऊ आणि फटीतून भाषा शिकणारा तो निनावी जीव, दोघांची सुरुवात अगदी एकसारखी. मग पुढची वाट वेगळी कशी झाली?

दुसरं दार

त्या कादंबरीत राक्षसाची एकच मागणी असते, आपल्यासारखं एक तरी माणूस द्या. शास्त्रज्ञ कबूल होतो, जोडीदारीण बनवायला घेतो आणि अर्ध्यात ती फाडून टाकतो. त्यानंतर त्या जीवाला परतीची वाट राहत नाही.

अण्णाभाऊंना मुंबईत दुसरं दार मिळालं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांच्यासारखेच गावानं टाकलेले, कामासाठी आलेले लोक राहत होते. तिथं कामगार चळवळीची, कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची ऊठबस होती. कॅम्पातल्या डासांवर अण्णाभाऊंनी गाणं रचलं आणि ते लोकांनी उचललं. डासांनी फोडून काढलेल्या वस्तीत डासांवरच गाणं करून हसायचं, म्हणजे स्वतःच्या हालावर मात करायची ही पहिली पायरी होती. आपल्याला कुणीतरी ऐकतंय, हे त्यांना तिथं कळलं.

मधे ते गावाकडं आले, नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशात रमले, बेचाळीसच्या चळवळीच्या वाऱ्यात सापडले आणि परत मुंबई गाठली. स्टॅलिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्या तमाशाला पांढरपेशा समाज नाकं मुरडत होता, त्यातला गण ठेवून, गवळण बाजूला सारून त्यांनी कामगाराचं, शेतकऱ्याचं दुखणं फडावर आणलं. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच अंगाचा खेळ लोकनाट्य म्हणून पुढं चालू राहिला. टाकून दिलेली कला घेऊन टाकून दिलेल्या माणसांची गोष्ट सांगायची, असा तो सगळा मामला होता.

मार्च १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोलली आहे, हा त्यांचा विचार तिथलाच. वेशीबाहेरचा माणूस गावावाचून जगेल की नाही, हा प्रश्न त्यांनी उलटा केला. गाव त्याच्यावाचून जगेल का?

सरकारी वहीतला दरोडेखोर

१९५९ मध्ये 'फकिरा' आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती. फकिरा हा कल्पनेतला नायक नव्हे, अण्णाभाऊंच्या नात्यातला, वाटेगावच्या मातीतला माणूस.

गोष्ट थोडक्यात अशी. फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी दुसऱ्या गावची जोगणी आणायला जातो आणि त्यात जीव गमावतो. म्हणजे ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाच्या इज्जतीपायी बाप मेला. पुढं दुष्काळ पडतो, मांगवाड्यात उपासमार सुरू होते. पोरं डोळ्यांदेखत मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि वाटून टाकतो. मग सरकारी खजिना. सरकारच्या वहीत नोंद होते दरोडेखोर म्हणून. शेवटी इंग्रज त्याच्या माणसांना, बायकापोरांना धरून ठेवतात आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून हजर होतो.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. अण्णाभाऊंनी गाव सरसकट काळ्या रंगानं रंगवलं नाही. गावचे कुलकर्णी विष्णुपंत कादंबरीत मांगवाड्याच्या बाजूनं उभे राहतात. भुकेनं मरण्यापेक्षा जगण्याची वाट शोधा, असं सांगायची हिंमत ते दाखवतात. म्हणजे आतल्या एकानं जरी दार किलकिलं केलं तरी बाहेरच्याचा माणूसपणा टिकायला मदत होते, हे अण्णाभाऊंना ठाऊक होतं. जातीला त्यांनी माफी दिली नाही, पण माणसाला संधी दिली.

फकिराच्या हातात तलवार आहे, तो लुटतो, मारतो. युरोपातल्या भयकथेत त्याचा राक्षस झाला असता. इथं तो सूड घेत सुटत नाही. त्याच्या मागं वस्ती आहे, तिच्यापुढं त्याला मान खाली घालायची नाही. राग तोच आहे, फक्त त्याला नातं आहे.

मसणातली रात्र

अण्णाभाऊंची सगळ्यात अंगावर येणारी कथा 'स्मशानातील सोनं'. भयकथेला लागतं ते सगळं तिच्यात आहे. अंधारी रात्र, उकरलेलं थडगं, मढ्याच्या वासावर आलेली कोल्ही, वाऱ्याचा आवाज. नाही ते फक्त भूत.

भीमा वारणेच्या खोऱ्यातला, अंगानं पहाडासारखा. गावात पोट भरेना म्हणून बायको आणि लहान पोर घेऊन मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही. मग उपनगराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या खाणीवर तो लागतो. हातोड्याच्या घावानं डोंगर फोडतो. सहा महिन्यांत खाण बंद पडते. आता खायचं काय? भटकताना त्याला ओढ्याकाठी राखेचा ढीग दिसतो, मढं जाळल्याची राख. त्यात एक सोन्याची अंगठी चमकते.

तिथून त्याचा नवा धंदा सुरू होतो. मसणातली राख चाळायची, त्यातलं सोन्याचं किडूकमिडूक विकायचं. घरात दाणे येतात, पोर हसायला लागते. हळूहळू तो राखेवरून पुरलेल्या मढ्यांवर येतो. बायको घाबरते, भुतंखेतं असतात म्हणते. भीमाचं म्हणणं उलटं असतं. भुतं मसणात राहत नाहीत, ती शहरात राहतात; मेलेली इथं निवांत कुजतात आणि भुतांची पैदास वस्तीत होते. ज्या शहरानं त्याला काम दिलं नाही त्याच्याबद्दलचं त्याचं हे मत.

एका रात्री कुणा पैसेवाल्याच्या घरचं मढं पुरल्याची खबर लागते आणि तो जातो. आधीच कोल्ही खड्डा उकरत असतात. मढ्यासाठी माणूस आणि जनावरं यांची जी झुंज होते ती वाचताना घशाला कोरड पडते. अंगाचे लचके तुटतात, पण भीमा जिंकतो. मढ्याच्या अंगावरचं सोनं काढतो. मग तोंडातलं सोनं राहिलं म्हणून पहारीनं मढ्याचा जबडा उघडतो, बोटं आत घालतो. पहार निसटते आणि दात बोटांवर बसतात. कसाबसा सुटून, रक्तानं माखून तो घरी पोहोचतो. डॉक्टरला दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली.

डोंगर फोडणारा भीमा लहान पोरासारखा रडतो. गोष्ट तिथंच संपते.

आता ही कथा युरोपी भयकथेशेजारी ठेवा. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्येही मढी उकरली जातात, पण ती उकरणारा शिकलेला, खात्यापित्या घरचा शास्त्रज्ञ असतो आणि त्याला विद्येची भूक असते. अण्णाभाऊंच्या गोष्टीत मढं उकरणाऱ्याला खरोखरची भूक आहे. भीमा क्रूर नाही. बायकोवर जीव लावतो, पोरीला खेळवतो. लोकांनी त्याला रात्री थडग्यावर बघितलं असतं तर पिशाच्च म्हणून बोंब ठोकली असती. लेखक मात्र आपल्याला खड्ड्याच्या काठावर ठेवत नाही, भीमाबरोबर खड्ड्यात उतरवतो. वास येतो, किळस येते, तरी भीमाला राक्षस म्हणायला आपली जीभ उचलत नाही.

आणि तरीही अण्णाभाऊ त्याला सोडत नाहीत, ही या कथेची खरी ताकद. बहिष्कृत म्हणजे निर्दोष, असा सोपा न्याय ते देत नाहीत. भीमाची भूक जशी खरी, तसा त्याचा लोभही हळूहळू खरा होत जातो. राखेवर भागत होतं तेव्हा तो मढ्यांकडं वळला. अंगावरचं मिळालं होतं तेव्हा त्यानं तोंडात बोटं घातली. समाजानं काम नाकारलं, ही पहिली चूक. पण त्या नकारानं माणसाच्या आत काय शिजत जातं, हेही त्यांनी लपवलं नाही. किंमत चुकवली ती बोटांनी, म्हणजे ज्याच्यावर तो जगणार होता त्याच गोष्टीनं. नाकारलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. दार उघडतं तेव्हा आत जाऊन काम करायला हात उरलेले नसतात.

या ठिकाणी अण्णाभाऊ मेरी शेलीच्या एक पाऊल पुढं जातात असं मला वाटतं. तिनं नकारातून राक्षस कसा होतो हे दाखवलं. अण्णाभाऊंनी दाखवलं की बहुतेक नाकारलेली माणसं राक्षस होत नाहीत. ती झिजतात, तुटतात, स्वतःचीच बोटं गमावून बसतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

शिवेवर सोडलेली माणसं

त्यांच्या बाकीच्या कथा-कादंबऱ्यांतही अशीच माणसं. 'माकडीचा माळ'मध्ये गावाबाहेरच्या माळावर पालं टाकून राहणारे भटके आहेत. 'बरबाद्या कंजारी'त मुंबईच्या झोपडपट्टीतला माणूस आहे. 'चिखलातील कमळ'मध्ये देवाला वाहिलेली मुरळी आहे. जेजुरीच्या मुरळीची गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला परकी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी सोडायची प्रथा या पट्ट्यानं जवळून बघितली. कर्नाटकात १९८२ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. पण कागदावर प्रथा बंद झाली म्हणून त्या बायकांच्या पोरांना सोयरीक जुळवताना कुणी आत घेतलं, असं होत नाही.

पुढं हाच वसा आपल्या निपाणीत पिठाच्या गिरणीवर बसून लिहिणाऱ्या महादेव मोरेंनी चालवला. ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, रस्त्याच्या कडेची माणसं त्यांनी मराठीत आणली. निपाणीचा वाचक अण्णाभाऊंना लवकर आपलं म्हणतो त्याचं एक कारण हेही असावं.

दुसरं कारण अर्थातच सीमेचं. अण्णाभाऊंच्या लहानपणी वाटेगाव आणि निपाणी दोन्ही मुंबई इलाख्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव जिल्ह्यासह निपाणी म्हैसूर राज्यात गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. मुंबईला आलेल्या कामगाराची बायको गावाकडं राहते, तिच्या विरहाचं गाणं पुढं तुटलेल्या मराठी मुलखाच्या विरहाचं होतं आणि त्यात सीमाभागाचीही आठवण आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मैना मात्र गावावरच राहिली. आपल्या इथल्या कित्येक घरांत ही छक्कड ऐकताना आजही डोळ्यात पाणी येतं.

पण इथंच जरा थांबायला हवं. आपल्याला बाहेर ठेवलं, ही सल सीमाभागाला चांगली ठाऊक आहे. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी आपल्या गावात, आपल्या गल्लीत कुणाला बाहेर ठेवलंय, हेही बघायला नको का? जातपंचायतीनं वाळीत टाकलेली कुटुंबं आजच्या बातम्यांतून गेलेली नाहीत. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा मंजूर करावा लागला, याचा अर्थ दुखणं जुनं झालेलं नाही. मैनेसाठी रडणाऱ्यानं भीमाकडं पाठ फिरवली तर अण्णाभाऊ अर्धेच वाचले म्हणायचे.

झोपडीतला लेखक

१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर 'वैजयंता', 'फकिरा' असे सिनेमे निघाले. तिशीहून जास्त कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे एवढा पसारा त्यांनी उभा केला. यातलं बरंचसं लिखाण घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून केलेलं. सिनेमाच्या पडद्यावर नाव झळकलं, झोपडीचं छप्पर तसंच राहिलं. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारनं दिलेलं घर मिळालं. पैसा, घर, संसार, तब्येत सगळीकडून ओढाताण होती. १८ जुलै १९६९ ला ते गेले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षंही पुरी झाली नव्हती.

नंतर मान मिळत गेला. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसावर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणायला लागले. वहीतला शिक्का पुसला गेला, लोकांच्या नजरेतला पुसायचं काम अजून चालू आहे.

तर यंदा जयंतीला मिरवणूक काढा, हलगी वाजवा, सगळं जोरात करा. फक्त त्या आठवड्यात एका संध्याकाळी गावच्या वाचनालयात नाही तर शाळेच्या वर्गात 'स्मशानातील सोनं' मोठ्यानं वाचून दाखवा. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होईल. पोरांना विचारा, भीमाची बोटं कुणामुळं गेली? कुणी मढ्याचं नाव घेईल, कुणी भीमाच्या लोभाचं, कुणी बंद पडलेल्या खाणीचं. त्या वादातच अण्णाभाऊ समजतील.